चालकाचा परवाना आणि मालकाचे कर्तव्य

धान्याच्या व्यापारात मनुष्य पारखी झाल्यावाचून टिकत नाही. मंडीत हरभऱ्याची गाडी आली की आम्ही पोत्यात परखी घालून नमुना काढतो, दाणा तळहातावर घेतो, दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मालावर विश्वास ठेवणारा व्यापारी एका हंगामात शहाणा तरी होतो, नाहीतर दुकान तरी बंद करतो. असे असूनही पाच-सहा लाखांचा माल आणि त्याहून मोलाचा ट्रक ज्याच्या हाती आपण निश्चिंतपणे सोपवितो, त्या चालकाच्या परवान्याची पारख आपल्यापैकी किती जण करतात? हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला तो फार उशिरा, आणि त्याची किंमत मोजल्यावर. तो अनुभव सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कायद्याचे पांडित्य आमच्यापाशी नाही. जे भोगले आणि भोगल्यामुळे जे समजून घ्यावे लागले, तेच येथे सांगावयाचे आहे.

आपले बऱ्हाणपूर हे पूर्वापार वाटेवरचे गाव. उत्तरेकडून असीरगड ओलांडून खंडव्याचा रस्ता येतो. दक्षिणेस तोच रस्ता इच्छापुरावरून खानदेशात उतरतो. केळी, कापड, कापूस, मका, गहू, हरभरा, सारे याच रस्त्याने जाते-येते. आमच्या आजोबांच्या काळी खेड्यातून धान्य येई ते बैलगाडीने. गाडीवानास परवाना लागत नसे; तो डुलकी घेत असला तरी बैल आपली वाट चुकत नसत. मोटार मात्र वाट ओळखीत नाही. म्हणूनच मोटारींकरिता १९१४ साली अखिल भारतीय कायदा झाला, १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली, आणि १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा अमलात आला. तोच कायदा, २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीसह, आज आपणास लागू आहे.

आता आमची हकीकत. एका दिवाळीनंतर आम्ही आमच्या सहाचाकी ट्रकवर एक चालक ठेवला. मनुष्य निर्व्यसनी, हात स्वच्छ, मालाचे एक पोते कधी कमी उतरले नाही. कामावर घेताना मुनीमजींनी त्याचा परवाना पाहिला, छायाप्रत काढून फाईलीत लावली आणि फाईल कपाटात ठेवली. परवान्याची मुदत फेब्रुवारी २०१७ पर्यंत होती. मालवाहू वाहनाचा परवाना त्या काळी तीन-तीन वर्षांनी नवा करावा लागे. फेब्रुवारीत त्याने आमच्यापाशी एक दिवसाची रजा मागितली. "शेठजी, लायसनच्या कामाला आर.टी.ओ.त जायचे आहे," असे तो म्हणाला. हरभऱ्याची आवक नुकतीच सुरू झाली होती. आम्ही म्हणालो, "हंगाम आटोपू दे, मग सावकाश जा." हंगाम आटोपला, त्यास आठवण राहिली नाही आणि आम्हांस तर नव्हतीच.

त्याच वर्षी आषाढातील एका पावसाळी संध्याकाळी, खंडवा रस्त्यावर, पाळी संपवून सायकलीने घरी निघालेल्या एका यंत्रमाग कामगारास आमच्या ट्रकचा धक्का लागला. प्राण वाचले, परंतु एक पाय कायमचा अधू झाला. मागावर उभे राहून ज्याचे घर चालते, त्याचा पाय जाणे म्हणजे काय, हे या गावात कोणास सांगावयास नको. विमा कंपनीने परवाना मागितला. मुनीमजी आत्मविश्वासाने म्हणाले, "आहे ना शेठजी, फाईलीत लावलेला आहे." कागद होता, त्यावरील मुदत मात्र पाच महिन्यांपूर्वीच संपली होती. पुढे दाव्याचा निकाल लागला तो असा की, विमा कंपनीने जखमी मनुष्यास भरपाई आधी द्यावी व ती रक्कम नंतर मालकाकडून, म्हणजे आमच्याकडून, वसूल करावी. ती आमच्या दोन हंगामांच्या कमाईएवढी होती. विमा कंपनीस आम्ही दोष देत नाही, चालकासही देत नाही. ज्या दिवशी त्याने रजा मागितली व आम्ही ती नाकारली, त्या दिवसाचा दोष आमचा आहे.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. कलम ३ प्रमाणे योग्य व चालू परवान्यावाचून कोणी वाहन चालवू नये. आणि कलम ५ प्रमाणे मालकाने किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, अशा मनुष्याकडून वाहन चालवून घेऊ नये व त्यास चालवूही देऊ नये. शास्त्रात आपण दोषाचे कृत, कारित व अनुमोदित असे तीन प्रकार लहानपणापासून ऐकत आलो. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास संमती देणे. कलम ५ वाचताना आम्हांस तेच आठवले. चाक आमच्या हाती नव्हते, हे म्हणणे तेथे चालत नाही. चालवू देणाऱ्या मालकास कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. पूर्वी दंडाची मर्यादा १,००० रुपये होती.

येथे पुष्कळ व्यापाऱ्यांची एक शंका असते. चालकाने खोटा परवाना आणला तर तो आम्ही कसा ओळखावा? देशभरच्या कार्यालयांचे उंबरठे का झिजवावेत? या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मालकावर अवाजवी बोजा टाकलेला नाही. परवाना पाहिला, तो वरकरणी खरा दिसला, मनुष्य गाडी नीट चालवितो याची खात्री करून घेतली, एवढे ज्याने केले, त्याने प्रत्येक कार्यालयात चौकशी करावी अशी अपेक्षा नाही, असे २००३ च्या निर्णयात सांगितले गेले आणि २०२२ मध्येही तेच धोरण कायम राहिले. २००४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की, मालकाने योग्य काळजी घेतली नाही हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे. परंतु परवाना खोटा असल्याची कुणकुण लागल्यावरही जो मालक स्वस्थ बसतो, त्यास हे संरक्षण मिळत नाही. आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने आमच्यासारख्यांचाच प्रश्न निकालात काढला. त्या प्रकरणात चालकाचा परवाना संपून तीन वर्षे लोटली होती. न्यायालयाचे म्हणणे असे की, परवाना एकदा पाहिल्यावर त्याची मुदत कधी संपते हे मालकास कळलेच. तेव्हा तो वेळेवर नवा झाला की नाही हे पाहणे त्याचेच काम, आणि ते न केल्यास दायित्वही त्याचेच.

थोडक्यात, कायदा आपणाकडून दोनच गोष्टी मागतो: एकदा नीट पाहणे आणि वेळोवेळी पुन्हा पाहणे. पहिली बहुतेक जण करतात. दुसरी राहून जाते. म्हणून आमच्या पेढीवर जी पद्धत आता चालू आहे ती येथे देतो.

पहिले असे की, छायाप्रतीवर किंवा मोबाईलमध्ये काढलेल्या फोटोवर भागवू नये. कार्ड असेल तर मूळ कार्ड हाती घ्यावे, नाहीतर चालकाने आपल्या डिजिलॉकरमधील परवाना उघडून दाखवावा. तो कायद्यास मान्य आहे. नाव, जन्मतारीख व छायाचित्र समोरच्या मनुष्याशी जुळवावे. परवान्याचा क्रमांकही बोलका असतो. आरंभीची दोन अक्षरे राज्याची, पुढील दोन अंक कार्यालयाचे, त्यापुढे वर्ष आणि शेवटी सात अंकी नोंद. एमपी ६८ हे आपले बऱ्हाणपूर, एमपी १२ खंडवा, एमएच १९ जळगाव. चालक म्हणतो खंडव्यास परवाना काढला आणि क्रमांक भलत्याच प्रांताचा असेल, तर चौकशी करावी.

दुसरे असे की, केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर ‘सारथी’ नावाचा विभाग आहे. तेथे परवान्याचा क्रमांक व जन्मतारीख भरली की परवाना चालू आहे किंवा नाही, कोणकोणत्या वाहनांचा आहे आणि मुदत कोठवर आहे, हे समोर येते. कार्ड खिशात असूनही परवाना निलंबित झालेला असू शकतो. कार्डाकडे पाहून ते कळत नाही, येथे कळते. आमच्या येथे हे काम नातू दोन मिनिटांत करतो. मात्र ते चालकास समोर बसवून, त्यास सांगून करावे. पाठीमागे करू नये. फार जुन्या परवान्याची नोंद सापडली नाही तर तेवढ्यावरून त्यास खोटा ठरवू नये. ज्या कार्यालयाने तो दिला तेथून नोंद करवून घ्यावी, आणि तोवर चाक दुसऱ्याच्या हाती द्यावे.

तिसरे, वाहनाचा प्रकार पाहावा. मोटारसायकलीचा परवाना असलेल्या मुलास ‘जरा गोदामावर टाकून ये’ म्हणून छोट्या टेम्पोची किल्ली देणे ही आपल्या बाजारातील नित्याची चूक आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, हे २०१७ च्या निर्णयानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केले. त्यामुळे छोट्या टेम्पोवाल्यांची मोठी अडचण दूर झाली. त्याहून जड ट्रकास मात्र त्या प्रकारची वेगळी नोंद हवीच. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो व शिकणाऱ्याजवळ परवानाधारक शिक्षक बसलेला असावा लागतो. तेव्हा शिकाऊ परवान्यावर पोऱ्यास एकट्यास वसुलीस धाडणे नियमात बसत नाही. मालवाहू वाहनाच्या चालकाचे वय किमान २० वर्षांचे असावे लागते.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, मुदतीची वही. एका पानावर चालकाचे नाव, परवान्याचा क्रमांक, वाहनाचा प्रकार व मुदत. परवान्यावर मालवाहू व खासगी वाहनाच्या मुदती वेगळ्या असू शकतात; दोन्ही लिहाव्यात. मालवाहू परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो; परंतु मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची जी सवलत होती, तीही २०१९ मध्ये गेली. आम्ही वर्षातून दोनदा, दिवाळीच्या वहीपूजनास व अक्षयतृतीयेस, सर्व परवाने पुन्हा पाहतो. भाड्याचा ट्रक असेल तर बिल्टीवर चालकाचा परवाना क्रमांक लिहून घेतल्यावाचून भरणा सुरू करीत नाही.

यासोबत मालकाचेही काही देणे आहे. नूतनीकरणाच्या दिवशी पगारी रजा द्यावी, वैद्यकीय दाखल्याचा व फीचा खर्च पेढीने सोसावा. चालकाचा मूळ परवाना आपल्या तिजोरीत अडकवून ठेवू नये. तो त्याचा आहे व रस्त्यावर त्यास लागतो. मुदत संपलेली आढळली तर त्यास हाकलून देऊ नये. परवाना नवा होईपर्यंत गोदामातील काम द्यावे. रजा मागण्याचा संकोच आणि नोकरी जाण्याचे भय, या दोहोंमुळेच कागद लपविले जातात. आमचा तो चालक आजही आमच्याकडेच आहे, आणि त्याच्या परवान्याची तारीख आम्हांस आमच्या नातवंडांच्या वाढदिवसासारखी पाठ आहे.

शेवटी घरातील गोष्ट, भगिनींनीही लक्ष द्यावे अशी. नोकराचा परवाना पाहणारे आपण, शाळेतील मुलास दुकानी डबा पोहोचविण्यासाठी गाडीची किल्ली देतो. २०१९ पासून कलम १९९-अ असे सांगते की, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जाईल; त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. नोकरास लावलेला नियम घरात मोडला तर नोकर तो किती दिवस पाळील?

तो यंत्रमाग कामगार आता मागावर उभा राहू शकत नाही. बसून कांड्या भरतो. आम्ही त्याच्या घरी जातो तेव्हा तो आम्हांस आदराने बसवितो, आणि त्या आदराने आम्हांस अधिकच खाली पाहावयास लागते. तेव्हा बंधुभगिनींनो, विनंती एवढीच की, यंदा वहीपूजनास पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाले की त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या पेढीवरील प्रत्येक चालकाचे नाव व त्याच्या परवान्याची मुदत लिहून ठेवावी, आणि ती तारीख जवळ येताच त्याने मागण्यापूर्वी आपणच त्यास एक दिवसाची रजा द्यावी.