पीकविम्याच्या नियमांचे सुसूत्रीकरण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण असले तरी येथील सोयाबीन, कापूस व तूर ही पिके मुख्यतः पावसाच्या भरवशावरच उभी राहतात. त्यामुळे पीकविमा हा येथील शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. या विम्याच्या नियमांना वैधानिक स्थैर्य का हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैधानिक पार्श्वभूमी :
राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार विमा हा संघसूचीतील, तर शेती हा राज्यसूचीतील विषय आहे. विमा अधिनियम, १९३८ मध्ये वेळोवेळी सुधारणा झाल्या. २०१५ च्या सुधारणेने कलम ४५ बदलून आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद केली. पीकविमाधारकास असे वैधानिक संरक्षण नाही. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेली प्रधानमंत्री पीक विमा योजना स्वतंत्र अधिनियमावर आधारलेली नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना, राज्याचे शासन निर्णय आणि विमा कंपनीशी होणारा करार या तिन्हींवर ती चालते.

नियमांतील बदल :
२०२० मध्ये बीड जिल्ह्यात ‘८०-११०’ हे सूत्र लागू झाले. भरपाई विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांहून अधिक झाल्यास वरचा भार राज्याने उचलायचा. ती ८० टक्क्यांहून कमी झाल्यास कंपनीने २० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून उर्वरित राज्यास परत करायची. ‘बीड पॅटर्न’ म्हणून हे सूत्र पुढे राज्यभर स्वीकारले गेले. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपात तो बंद होऊन शेतकऱ्याचा दोन टक्के हिस्सा पुन्हा सुरू झाला आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित ठरली. प्रत्येक बदलामागे कारणे होती. तथापि शेतकऱ्याचा हक्क मात्र दर वेळी नव्याने ठरत गेला.

याचा परिणाम शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात दिसून आला. २०२० च्या खरिपातील नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही, या मुद्द्यावर वाद झाला. अखेर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. अतिवृष्टीने शेत पाण्याखाली असताना ७२ तासांची अट पाळणे किती शक्य आहे, हा प्रश्न नियम करतानाच विचारात घ्यावयास हवा होता.

निष्कर्ष :
१) पीकविम्याची मूलभूत तत्त्वे संसदेने अधिनियमाद्वारे निश्चित करावीत.
२) राज्याने विखुरलेल्या शासन निर्णयांचे एकत्रीकरण करून कालबाह्य तरतुदी रद्द कराव्यात.
३) हंगाम सुरू झाल्यावर अटी बदलू नयेत.
४) दावा फेटाळताना लेखी कारण देणे बंधनकारक असावे.

हप्ता कमी असणे महत्त्वाचे आहेच. परंतु संकटसमयी काय मिळेल हे पेरणीपूर्वीच निश्चितपणे माहीत असणे, हेच विम्याचे खरे प्रयोजन होय.