गाडी एकाच्या नावावर, हिस्सा सगळ्यांचा

मागे राहिलेल्यांसाठी : भाग ६

वऱ्हाडात घरातलं माणूस गेलं की तेरवीपर्यंत कोणी कागदाला हात लावत नाही. दुःखाच्या घरात आरसी बुक आणि पॉलिसी शोधत बसणं कोणालाच बरं वाटत नाही, आणि त्यात चूकही काही नाही. पण गाडीची मुदत मृत्यूच्या दिवसापासूनच मोजली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ५६वा नियम सांगतो, की गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला दोन गोष्टी कळवाव्यात: मालक वारले, आणि गाडी आता मी वापरणार आहे. एवढं कळवलं, तर मृत्यूपासून ३ महिने ती गाडी स्वतःची असल्यासारखी वापरता येते. त्याच ३ महिन्यांत नमुना ३१ भरून हस्तांतरणाचा अर्ज करायचा. तेरवी आटोपून पाहुणे आपापल्या गावी परततात तेव्हा पहिल्या मुदतीतले जेमतेम १७ दिवस उरलेले असतात.

बहुतेक घरांत हे होत नाही. आरसीवरून बाबांचं नाव काढायचं म्हणजे ते पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटतं, असं अनेकांनी मला सांगितलं आहे. गाडी टिनाच्या शेडखाली उभी असते, धाकटा ती चालवतो, दसऱ्याला तिला हार घातला जातो आणि विमा एजंट दरवर्षी बाबांच्याच नावाने पॉलिसी काढून देतो. अशी पाचसहा वर्षं सहज जातात. मग कधी १५ वर्षं झाली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण येतं, कधी ई-चलन येतं, कधी गिऱ्हाईक लागतं. गेल्या काही काळात जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हाही कित्येक घरांत हा विषय निघाला. आणि विषय निघाला की बहिणीचा फोन येतो, काका मध्ये पडतात, आणि दोन भावांचं बोलणं बंद होतं.

वाद का होतो, याचं मूळ कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५०(२) विचारतं, की मालकाच्या मृत्यूनंतर गाडी कोणाच्या ताब्यात आली? वारसा कायदा विचारतो, की मयताशी तुमचं नातं काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एकच माणूस असतो, दुसऱ्याचं उत्तर पाचसहा जण. आरटीओला रस्त्यावरच्या गाडीसाठी जबाबदार धरता येईल असा एक माणूस हवा असतो. वाटणी करणं हे त्या कार्यालयाचं कामच नाही. म्हणून आरसीवर धाकट्याचं नाव लागलं तरी बहिणीचा हिस्सा बुडत नाही, आणि बहिणीचा हिस्सा आहे म्हणून धाकट्याने नाव लावू नये असंही नाही. एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पटली, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

आकड्यांत पाहू. समजा, दर्यापूर तालुक्यातलं एक शेतकरी घर आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे त्यांची म्हातारी आई, पत्नी, दोन मुलगे आणि मूर्तिजापूरला दिलेली एक मुलगी. ट्रॅक्टर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस, आणि पाचही जणांचा हिस्सा सारखा. (हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे.) ट्रॅक्टरची आजची किंमत ४ लाख धरा आणि १ लाखाचं कर्ज बाकी धरा. वाटायचे उरले ३ लाख, म्हणजे प्रत्येकी ६० हजार. थोरला ट्रॅक्टर ठेवणार असेल तर कर्ज त्याने फेडायचं आणि उरलेल्या चौघांना मिळून २ लाख ४० हजार द्यायचे. एकदम नसतील तर सोयाबीन निघाल्यावर अर्धे, कापसाचे पैसे आल्यावर अर्धे.

या हिशेबात आजीला हमखास विसरलं जातं. मुलाच्या मालमत्तेत आईचा हिस्सा नातवंडांइतकाच आहे, हे गावात सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळे पडतात. मुलंबाळं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. ही सुन्नी कायद्यातली पद्धत. वाटे कमीजास्त असतील, पण मुलीला काहीच नाही असं कुठल्याच कायद्यात नाही.

आता त्या कागदाकडे येऊ, ज्यावर सगळं अडतं. एकाच्या नावावर गाडी करताना आरटीओत बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र मागितलं जातं. बहीण तेरवीला आलेली असते, तिच्यापुढे टाइप केलेला स्टॅम्प पेपर ठेवला जातो, "गाडीसाठी सही पाहिजे बाई" म्हणतात, आणि ती डोळे पुसत सही करते. त्या कागदात पुष्कळदा "मयताच्या सर्व स्थावर व जंगम मिळकतीवरील माझा हक्क मी सोडत आहे" असं वाक्य असतं. शेत आणि घर यांचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, हे खरं. पण तेच वाक्य पुढे दहा वर्षं कोर्टात भावाच्या वकिलाच्या हातात राहतं. त्यामुळे बहिणींनो, संमतीपत्र वाचा, आणि त्यात गाडीशिवाय दुसरं काही असेल तर सही करू नका. मजकूर एवढाच पुरतो: "एमएच २७ अमुक क्रमांकाची, अमुक चेसिस क्रमांकाची मोटारसायकल माझा भाऊ अमुक याच्या नावे नोंदवण्यास माझी हरकत नाही. तिच्या किमतीतील माझा हिस्सा रुपये अमुक मला मिळाला आहे." किंवा "अमुक तारखेपर्यंत मिळणार आहे." हिस्सा भावाला प्रेमाने द्यायचा असेल तर तेही स्पष्ट लिहा. वऱ्हाडात बहिणी असं मोठ्या मनाने करतात. पण कागदावर लिहिलं नाही, तर त्या मोठेपणाची आठवण पुढच्या पिढीत कोणालाच राहत नाही.

२०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला परिवहन पोर्टलवर चढवून तो गाडी आपल्या नावावर करून घेऊ शकतो, आणि आधारची ओळख दिली तर कार्यालयाची फेरीही वाचते. सोय चांगली आहे, जरूर करून घ्यावी. पण नॉमिनी झाला म्हणजे एकटा मालक झाला, हा समज चुकीचा आहे. 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून कुटुंबात खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला न्यायालयाने सांगितलं, की नॉमिनीमुळे वारसांचा हक्क संपत नाही. तो वाद शेअरचा होता. पण विम्याच्या बाबतीत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं होतं, आणि गाडीचा नॉमिनी याला अपवाद ठरावा असं वाहन नियमांत काही लिहिलेलं नाही.

ज्या विषयाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, तो विम्याचा. मोटार पॉलिसीच्या छापील अटींमध्ये शेवटाकडे एक अट असते, जी कोणी वाचत नाही. विमाधारक वारला तर पॉलिसी लगेच संपत नाही. ती मृत्यूपासून ३ महिने किंवा तिची स्वतःची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, गाडीच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. पुढे मयताच्या नावानेच वर्षानुवर्षं हप्ता भरत राहिलं, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. जो माणूस हयातच नाही, त्याच्याशी करार कसा होणार?

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं. ते त्या माणसाला मिळतं, ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे. मुलगा वडिलांच्या नावावरची मोटारसायकल घेऊन परतवाड्याहून अमरावतीला निघाला, गाडी घसरली आणि तो गेला, तर त्याच्या बायकोच्या हाती काय लागतं? दुसऱ्या वाहनाची चूक नसेल, तर दावा कोणावर करायचा हाच प्रश्न उभा राहतो. मालकाकडून गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्या मालकाच्या विमा कंपनीकडून तो तिऱ्हाइताची भरपाई मागू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रामखिलाडी प्रकरणात २०२० मध्ये म्हटलं आहे. एका घरात दोन मृत्यू होतात, आणि दुसऱ्या वेळी पॉलिसी असूनही उपयोगी पडत नाही. हस्तांतरणाची सरकारी फी नोंदणी फीच्या निम्मी असते. तेवढ्यासाठी कोणी हे ओढवून घेऊ नये.

ट्रॅक्टरचा वाद वेगळ्या वळणाने जातो, कारण शेती एकत्र असते आणि ट्रॅक्टर थोरल्याच्या नावावर. थोरला गेला की त्याची विधवा म्हणते, आरसीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे. दीर म्हणतो, पैसा चौघा भावांच्या पिकाचा होता. दोघंही खरं बोलत असू शकतात. पण ट्रॅक्टर एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतला, हे दाखवायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. अशा वेळी बाजार समितीच्या पट्ट्या, जिनिंगच्या पावत्या आणि कर्जाचे हप्ते कोणाच्या खात्यातून गेले त्याचं पासबुक, एवढ्यावरच सगळं ठरतं. ते कागद आज जपून ठेवा. फायनान्सचा बोजा असेल तर कलम ५१ प्रमाणे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. कर्ज घेताना कर्जदाराचा जीवन विमा उतरवला होता का, हे मात्र कंपनीला आधी विचारा. हप्त्यांबरोबर त्याचे पैसे कापलेले असतात, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

अकोला स्टेशनवर ऑटो चालवणाऱ्यांच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. ऑटोचा परवाना हा गाडीहून वेगळा कागद आहे. कलम ८२ प्रमाणे इथेही ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत परवाना आपल्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. गाडी नावावर झाली आणि परवाना राहून गेला, तर ऑटो दारात उभा राहतो.

अर्ज कुठे करायचा? वारस जिथे राहतो आणि गाडी जिथे उभी असते, तिथल्या कार्यालयात. वडील अमरावतीचे, मुलगा अकोल्याचा, तरी नंबर एमएच २७ च राहतो. राज्य बदलत नसल्याने तो एमएच ३० करावा लागत नाही. नमुना ३१ बरोबर मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा, पीयूसी, वारसाचा पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा लागतो. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षरशः जुळतं का, हे दाखला घेतानाच पाहा, मग तो महापालिकेतून घ्या की ग्रामसेवकाकडून. "रामराव" आणि "रामराव उर्फ बापूराव" एवढ्या फरकावर अर्ज परत येतात. आणि वडिलांचं सिमकार्ड घाईने बंद करू नका, कारण वाहनाच्या नोंदीत बहुधा तोच मोबाईल नंबर असतो आणि ओटीपी त्यावरच येतो. ३ महिने उलटले असतील तरी वाट बंद होत नाही. विलंबाचं शुल्क भरून अर्ज करता येतो.

एवढं करूनही जमलं नाही, एकाने गाडी परस्पर उचलून नेली, तर काय? पोलीस ठाण्यातून बहुतेक वेळा उत्तर मिळतं की हा दिवाणी वाद आहे. आरटीओत लेखी हरकत घ्या आणि तिची पोच घ्या. वारसांत तंटा दिसला की कार्यालय न्यायालयाचा आदेश आणायला सांगतं. गाडी अपघातात किंवा गुन्ह्यात जप्त झालेली असेल तर ती सुपूर्तनाम्यावर सोडवायला न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. तिथेही आरसीवरचा माणूस हयात नसला की प्रत्येक वारसाची संमती विचारली जाते, आणि तोवर गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गंजत राहते.

जुन्या मोटारसायकलसाठी दिवाणी दावा लढणं कोणालाच परवडत नाही. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दावा न लावताच तिथे साधा अर्ज देऊन प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, त्यामुळे विधवा सुनेने किंवा बहिणीने खर्चाला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. समोरासमोर बसून किंमत ठरली आणि तडजोडीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या, की त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील होत नाही. त्यात गाडीचा क्रमांक, ती कोणाच्या नावे व्हायची, कोणाला किती रक्कम, किती दिवसांत आणि दिली नाही तर काय, हे सगळं लिहून घ्या. मग त्याची प्रमाणित प्रत नमुना ३१ ला जोडायची.

पुढच्या भागात : शेताचा वारस फेरफार आणि तलाठ्याकडची नोंद.