हुकमाची चिंचोळी वाट

‘बिग हिरो 6’ या 2014 सालच्या चित्रपटात हिरो हमादा हा चौदा वर्षांचा मुलगा विज्ञान प्रदर्शनाच्या मंचावर येतो, कपाळाला एक पट्टी बांधतो आणि बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा वर धरून दाखवतो. समोरच्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मग तसेच हजारो तुकडे, म्हणजे मायक्रोबॉट, लोंढ्यासारखे मंचावर येतात, एकमेकांना चिकटतात आणि मुलाच्या मनात जो आकार येईल तो घेतात. मनोरा मनात आणला की मनोरा उभा राहतो. चालायचे मनात आले की पायाखाली पूल तयार होतो. मागच्या आठवड्याच्या हप्त्यातल्या कथेतला वाल्डो यांत्रिक पंजे चालवी; त्या पंज्यांना निदान त्याच्या बोटांची हालचाल तरी लागत असे. या मायक्रोबॉटांना तीही लागत नाही.

या दृश्यावर एका वाचकाने नेमके बोट ठेवले आहे. पट्टीतून मायक्रोबॉटांकडे जाते ते काय? मनोऱ्याचे चित्र जाते, ‘मनोरा’ एवढीच कल्पना जाते, की प्रत्येक तुकड्याला ‘तू इथे, तू तिथे’ अशी वेगळी सूचना जाते? मनाने चालणाऱ्या चिमुकल्या यंत्रमानवांच्या बहुतेक कथा या प्रश्नाला हळूच बगल देतात, आणि त्यांतली कारस्थाने नेमकी याच फटीतून आत शिरतात. त्यामुळे या हप्त्यासाठी कबूल केलेला, स्टॅनिस्लाव लेमच्या कथेतला चिमुकल्या यंत्रांचा काळा ढग पुढच्या हप्त्यावर गेला आहे.

आधी एक नावाचा घोळ. चित्रपटात त्या पट्टीला न्यूरोट्रान्समीटर म्हटले आहे. जीवशास्त्रात हे नाव दोन चेतापेशींमधल्या फटीत सोडल्या जाणाऱ्या रसायनांचे आहे; डोपामाइन हे त्यांतले सर्वांत परिचित. पटकथाकारांना मेंदूतले संदेश बाहेर पाठवणारा ट्रान्समीटर एवढेच म्हणायचे होते आणि शब्द कानाला भारदस्त लागला. परीक्षेत मात्र चित्रपटातला अर्थ लिहू नये.

आता हिशेब. ‘होय’ की ‘नाही’ एवढेच सांगणारे माहितीचे सर्वांत लहान माप म्हणजे बिट. एका तुकड्याची जागा सांगायला लांबी, रुंदी आणि उंची असे तीन आकडे लागतात. प्रत्येक आकड्याला दहा बिट धरले, तर एका तुकड्यामागे तीस बिट होतात. मंचावर दहा हजारच तुकडे आहेत असे मानले, तरी एका मनोऱ्यासाठी 3,00,000 बिट पाठवावे लागतील.

डोक्यावर बाहेरून लावलेल्या पट्टीतून किती बिट जातात? कवटीच्या आतली विद्युत हालचाल बाहेरून टिपली की ती भिंतीपलीकडच्या गोंगाटासारखी पुसट ऐकू येते. 1988 साली फारवेल आणि डोंचिन या संशोधकांनी पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांच्या चौकटीतून, केवळ मेंदूच्या प्रतिसादावरून अक्षर निवडून दाखवले. वेग होता मिनिटाला 2.3 अक्षरे. 2002 साली जोनाथन वोल्पॉ आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्राचा आढावा घेतला, त्यात तेव्हाच्या यंत्रणांचा कमाल वेग मिनिटाला 10 ते 25 बिट एवढा दिला आहे. वरचा आकडा घेतला तरी मनोऱ्याला 12,000 मिनिटे, म्हणजे 200 तास लागतील. सव्वाआठ दिवस मुलगा मंचावर मनोऱ्याचा विचार करत उभा!

कवटीच्या आत शिरले की वाट रुंदावते, पण किती? 2021 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडांच्या मदतीने एका पक्षाघातग्रस्त माणसाच्या मनातले हस्तलेखन वाचून दाखवले. हाताने लिहीत असल्याची कल्पना तो करी आणि पडद्यावर मिनिटाला 90 अक्षरे उमटत. एका अक्षराचे पाच बिट धरले, तर मिनिटाला साडेचारशे बिट झाले. मनोरा आता अकरा तासांत होतो. प्रदर्शनाची वेळ तरीही टळून गेलेली असते.

वाचकाच्या तीन पर्यायांपैकी तिसरा असा बाद होतो. प्रत्येक तुकड्याला वेगळी सूचना देणे कोणत्याही पट्टीला झेपणारे नाही. उरतो एकच मार्ग: हुकूम तोकडा ठेवायचा आणि बाकीची अक्कल तुकड्यांत भरायची. पंढरीच्या वाटेवर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढ्या मोठ्या समुदायातले टाळ थांबतात, ते याच हिशेबाने. दंडातून जातो तो एकच बिट. थांबायचे कसे आणि पुढे काय म्हणायचे, हे प्रत्येक वारकऱ्याला घरून निघतानाच ठाऊक असते.

अशा अंगच्या अकलेचा खरा प्रयोग चित्रपट पडद्यावर येण्याच्या तीनच महिने आधी, ऑगस्ट 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कॉर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी किलोबॉट नावाचे 1024 चिमुकले यंत्रमानव एका सपाट पृष्ठावर सोडले. प्रत्येकाचा व्यास 3.3 सेंटिमीटर, पायांच्या जागी तीन ताठ काड्या आणि चालण्यासाठी कंपन पावणाऱ्या दोन मोटरी. किलोबॉट सरळ रेषेतही नीट चालत नाही. थरथरत, वाकडातिकडा सरकतो. तो शेजाऱ्यांशी अवरक्त किरणांनी बोलतो, तेही जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावरच्यांशी. एकूण आकृती कशी दिसते हे कोणालाच वरून दिसत नाही.

तरीही त्यांनी चांदणीचा आकार धरला. चार किलोबॉट आधी जागेवर बसवले होते. मोजमापाचा आरंभबिंदू त्यांच्यावरून ठरला. बाकीच्या प्रत्येकाच्या स्मृतीत चांदणीचे तेच चित्र आणि तेच नियम होते. गर्दीच्या कडेचा किलोबॉट कडेकडेने सरकू लागे, शेजाऱ्यांपासूनच्या अंतरांवरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधी, आणि चित्राच्या आत आल्यावर योग्य जागी थांबे. एखादा मंद चालणारा वाटेत आला की मागे रांग तुंबे, अगदी घाटात मालमोटार बंद पडावी तशी. एका आकृतीला सुमारे बारा तास लागले. चित्रपटातल्या निमिषार्धापुढे हा वेग हास्यास्पद वाटतो, पण वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. चांदणीचे चित्र आधीच प्रत्येकाजवळ असेल, तर बाहेरून ‘सुरू करा’ एवढेच सांगावे लागते. दहावीस आकृत्या साठवल्या असतील, तर कोणती हवी तिचा क्रमांक पुरतो. हिरोच्या पट्टीतून त्या मानाने बरेच काही जात असणार, कारण तो ऐन वेळी सुचलेले आकारही करून दाखवतो. तरी ते ढोबळ रेखाटनच असणार. खांब, कमानी आणि तोल यांची व्यवस्था तुकडेच आपसांत लावत असणार. चित्रपट हे सांगत नाही. चालू गोष्टीत असे प्रश्न विचारण्याची सोय नसते.

माणसाचा मेंदूही आपल्या हाताला याहून वेगळा वागवत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पक्षाघाताच्या झटक्यानंतर सुमारे पंधरा वर्षे हातपाय हलवू न शकलेल्या एका महिलेने मेंदूतल्या इलेक्ट्रोडांच्या आधाराने यांत्रिक हात चालवला, कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि नळीने घोट घेतला. हात कोणत्या दिशेला न्यायचा आणि पकड केव्हा घ्यायची, हे इशारे तिच्या मेंदूतून आले. कोणता सांधा किती अंशांनी वळवायचा याची उस्तवार संगणकाने केली.

हुकूम एका बिटाइतका आखडला तर काय होते, याचा सर्वांत विलक्षण नमुना 2016 सालचा आहे, आणि त्यात एक झुरळ आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी डीएनएच्या घड्या घालून अतिसूक्ष्म डब्या बनवल्या. डबीच्या दाराला लोहाच्या ऑक्साइडचे कण जोडले होते. विद्युतचुंबकीय क्षेत्र सुरू केले की कण तापतात आणि दार उघडते. क्षेत्र बंद केले की दार मिटते. डब्या जिवंत झुरळाच्या शरीरात सोडल्या आणि झुरळ तारेच्या वेटोळ्यात ठेवले. दुसरीकडे एक माणूस डोक्याला इलेक्ट्रोड लावून बसला. तो स्वस्थ असला की काही होत नसे. त्याने मनातल्या मनात गणिते सोडवायला घेतली की त्याच्या मेंदूलहरी बदलत, संगणक तो बदल ओळखी, वेटोळ्यात प्रवाह जाई आणि झुरळातल्या डब्यांची दारे उघडत. ‘मनाने चालणारे चिमुकले यंत्रमानव’ ही सगळी शब्दावली या प्रयोगाला जवळजवळ अक्षरशः लागू पडते. फक्त माणूस डब्यांना उद्देशून काहीच म्हणत नव्हता. तो गणिते सोडवत होता.

कारस्थानाची गोम इथेच आहे. हुकूम जेवढा आखूड, तेवढा तो पळवायला सोपा. हिरोच्या मायक्रोबॉटांना पट्टी कोणाच्या डोक्यावर आहे हे कळत नाही. उद्योगपती अलिस्टर क्रेई त्यांच्यासाठी मोठी रक्कम देऊ करतो, मुलगा नकार देतो, आणि त्यानंतर प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागून सगळे जळाले असे समजले जाते. हिरोच्या कपड्यात राहून गेलेला एक तुकडा मात्र मधूनच धडपडू लागतो, आपल्या सोबत्यांकडे जाण्यासाठी एकाच दिशेला ओढ घेतो. त्या ओढीचा माग काढत मुलगा एका गुदामात पोहोचतो आणि मुखवटाधारी चोर उघडा पडू लागतो. हुकूम कोणाचा हे न विचारणारा तुकडा चोराच्या जितका कामाचा, तितकाच त्याच्याविरुद्धच्या पुराव्याचा. संशय साहजिकच क्रेईच्या कंपनीवर जातो. मुखवट्यामागे निघतात ते प्राध्यापक कॅलहन, ज्यांनी क्रेईला माल विकू नकोस असा सल्ला मुलाला दिला होता. कंपनीचा अपराध वेगळा आणि जुना आहे: क्रेईने धोक्याची सूचना असूनही, माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणाऱ्या एका प्रवेशद्वाराची चाचणी रेटली आणि त्यात कॅलहनची मुलगी नाहीशी झाली. दहा वर्षांहून जुन्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

मायकेल क्रायटनच्या ‘प्रे’ (2002) या कादंबरीत गणित नेमके उलटे मांडले आहे. तिथल्या झायमॉस कंपनीच्या सूक्ष्म यंत्रांच्या थव्याला कपाळपट्टी नाहीच. लष्करासाठी उडता कॅमेरा म्हणून बनवलेला हा थवा वाऱ्यात टिकत नाही; शिकारी आणि सावज यांच्या वागण्यावर बेतलेली आज्ञावली त्याच्या अंगी असते, आणि तो नेवाडाच्या वाळवंटात मोकाट सुटतो. ती आज्ञावली ज्याने लिहिली तो नायक जॅक वरिष्ठांची लबाडी उघड केल्यामुळे बेकार झालेला, आणि त्याची पत्नी झायमॉसमध्ये मोठ्या पदावर. हिरोचे यंत्र कोणीही पळवू शकतो. झायमॉसचे यंत्र कोणालाही परत बोलावता येत नाही. कथा म्हणून दुसरी जास्त भीतिदायक आहे, पण कारस्थान पहिलीत अधिक रंगते, कारण हिसकावून घ्यावी अशी वस्तू तिथे आहे.

चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. हिरो आणि त्याचे मित्र आधी कॅलहनचा मुखवटा काढून घ्यायला धडपडतात, कारण हुकूम तिथून निघतो. ते जमत नाही. मग ते मुखवट्याचा नाद सोडतात आणि वर उघडलेल्या प्रवेशद्वाराच्या ओढीत मायक्रोबॉट मूठमूठ करून लोटून देतात. कॅलहन हुकूम देत राहतो आणि तो पाळायला उरलेले हात कमी कमी होत जातात.

एक गोष्ट चित्रपटाच्या नजरेतून निसटली. पट्टीचे काम दुहेरी आहे. ती हुकूम बाहेर नेते, तसे मेंदूचे मोजमापही बाहेर नेते. बाजारात मिळणाऱ्या मेंदूलहरी टिपणाऱ्या पट्ट्यांबाबत हा वाद प्रत्यक्षात उभा राहिला. चिली देशाने 2021 साली मेंदूची हालचाल आणि तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण देणारी दुरुस्ती राज्यघटनेत केली. 2023 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी सिनेटर गिदो हिरार्दी यांच्या मेंदूच्या नोंदी काढून टाकण्याचा आदेश इमोटिव्ह या कंपनीला दिला. क्रेई आज असता, तर मायक्रोबॉट मुलाकडेच राहू देऊन फक्त पट्टी फुकट वाटली असती.

लेमच्या ढगात ही दिशा पुरती उलटलेली आहे. तिथे चिमुकली यंत्रे माणसाच्या मेंदूवर चाल करून येतात आणि स्मृती पुसून टाकतात. तो ढग पुढच्या आठवड्यात.