मधले पंधरा इंच

सुतारकाकांनी पहिला प्रश्न लाकडाचा विचारला नाही, पैशांचाही नाही. मी वहीत खोलीची मापं उतरवून घेत होते. माझ्या हाताकडे बघत ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही डावखुऱ्या. मग वहिनींच्या डाव्या अंगाला तुम्ही बसायचं. उजवीकडं बसलात तर दिवसभर कोपराला कोपर लागंल.’’

मी आणि वहिनी चार वर्षं एकाच जेवणाच्या टेबलावर काम करत होतो, आणि कोपराला कोपर का लागतं हे आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं. वहिनी हिशेबाची आणि करविवरणपत्रांची कामं करते, मी मुद्रितं तपासते. साताऱ्याच्या घरातली दहा बाय अकराची मागची खोली मोकळी झाली, तेव्हा तिथे दोघींचं एकच टेबल करायचं ठरलं. दोन वेगळी टेबलं का नकोत, असं घरातल्या सगळ्यांनी विचारलं. दोन टेबलं म्हणजे दोन कप्पे, दोन प्रिंटरांच्या जागा आणि मध्ये केर साचणारी एक फट. पण खरं कारण एवढंच की आम्हाला शेजारी बसायची सवय झाली होती.

वहिनीच्या मनात आधी समोरासमोरचं टेबल होतं. ती कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून अशी टेबलं होत आली: दोन्हीकडे खण, दोन्हीकडे पाय घालायला पोकळी, आणि पेढीतले दोन भागीदार एकमेकांकडे तोंड करून बसलेले. अमेरिकेच्या अध्यक्षांचं ‘रेझोल्यूट’ नावाचं टेबल याच घाटाचं आहे. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात बेपत्ता झालेल्या फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्दीच्या शोधासाठी १८५२ साली निघालेलं ‘रेझोल्यूट’ हे ब्रिटिश जहाज बर्फात अडकलं आणि १८५४ साली खलाशांनी ते सोडून दिलं. पुढच्या वर्षी वाहत आलेलं ते जहाज एका अमेरिकी देवमाशांच्या शिकारी जहाजाला सापडलं. अमेरिकेने ते दुरुस्त करून १८५६ साली राणी व्हिक्टोरियाला परत दिलं. १८७९ साली ते मोडीत निघालं आणि त्याच्या ओक लाकडाचं टेबल करून राणीने १८८० साली अध्यक्ष हेझ यांना भेट पाठवलं. मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त लागतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पायाचे लोखंडी आधार समोरून दिसू नयेत असं वाटत होतं, म्हणून त्यांनी समोरच्या पोकळीला लाकडी झडप करायला सांगितली. ती बसली त्यांच्या मृत्यूनंतर, १९४५ साली. दोघांसाठी घडवलेलं टेबल त्या झडपेने एकाचं झालं. १९६३ सालच्या प्रसिद्ध छायाचित्रात केनेडींचा छोटा मुलगा डोकावतो तो याच झडपेतून.

आमच्या खोलीत मात्र हा घाट बसेना. समोरासमोर बसायचं तर टेबल चार फूट रुंद हवं, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला दोन्हीकडे तीन-तीन फूट हवेत. झाले दहा. दार उघडायलाच जागा उरत नव्हती. तेव्हा खिडकीखालच्या भिंतीला लावून, शेजारी शेजारी.

इथून प्लायवुडचा प्रश्न सुरू झाला, आणि मला वाटतं दोघांच्या टेबलाचं सगळं अवघडपण इथेच आहे. बाजारात प्लायचं पान आठ फूट लांब, चार फूट रुंद मिळतं. पातळ थर एकावर एक चिकटवलेले असतात, थरांची संख्या सहसा विषम, आणि प्रत्येक थराचे रेषे खालच्या थराला आडवे. त्यामुळे ते पाण्या-उन्हात सागवानासारखं एका अंगाने फुगत-आकसत नाही. पण लांब फळी दोन टोकांवर टेकवली की तिला मध्ये झोळ येतो, आणि तो लांबीच्या हिशेबाने येत नाही. सारखंच पसरलेलं वजन असेल तर लांबी दुप्पट झाल्यावर झोळ सोळापट होतो. एकाच्या चार फुटी टेबलाला जो दोष डोळ्यांना दिसतही नाही, तो आठ फुटांवर घरंगळणाऱ्या पेन्सिलीने कळतो.

काकांनी पान उभं चिरायला सांगितलं. आठ बाय दोनच्या दोन पट्ट्या, १८ मिलिमीटर जाडीच्या. एकीवर दुसरी चिकटवली की ३६. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, पण एका अटीवर. दोन्ही फळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात आणि ताठपणा फक्त दुप्पट मिळतो. सरकणं थांबलं पाहिजे, म्हणजे चीक सगळीकडे पोचला पाहिजे. काकांनी आधी दोन पट्ट्या नुसत्या ठेवून मध्ये अंगठ्याने दाबून दाखवलं, कडेला त्या कशा मागेपुढे होतात ते. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

चिकटवलेला तो आठ फुटी तक्ता जिन्यातून वळणार नाही, हेही त्यांनीच आधी मोजून ठेवलं होतं. म्हणून दोन्ही पट्ट्या सुट्ट्या वर आल्या आणि सगळा कारखाना खोलीतच मांडला गेला. जमिनीवर वर्तमानपत्रं, त्यावर पहिली पट्टी, तिच्यावर दातेरी पत्र्याने ओढलेला फेविकॉल. काकांचे वडील सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, चुलीवर पातेल्यात पातळ केलेला; तो गार व्हायच्या आत सांधा बसवावा लागे. फेविकॉल १९५९ साली आला आणि सुतारांच्या हातची ती घाई गेली. तरी दाब लागतोच. एवढ्या लांबीचे शिकंजे काकांकडे नव्हते. मग खालच्या अंगाने दर आठ इंचांवर सवा इंची स्क्रू, आणि वर घरातलं जे जे जड ते: तांदळाचा डबा, शिलाई मशीन, माझे कोशाचे खंड. रात्रभर तसंच राहिलं. वहिनी सकाळी तांदूळ काढायला गेली तेव्हा कडेला पांढऱ्या चिकाची सलग बारीक ओळ सुटलेली होती. काका ती बोटाने चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुठेच तुटली नव्हती.

सनमायका दोन्ही बाजूंनी लावायचा, हा त्यांचा दुसरा हट्ट. वर चांगला, खाली स्वस्तातला पातळ. फक्त वरून लावला तर दोन बाजू हवेतला दमटपणा वेगवेगळा ओढतात आणि फळी वाकते. खालचा सनमायका कोणी बघत नाही म्हणून खर्च वाचवणाऱ्यांची टेबलं पहिल्याच पावसाळ्यानंतर ओळखू येतात.

कडेला मात्र सागवान. आजोळच्या घराची एक चौकट कधीची माळ्यावर पडून होती. काकांनी तिच्या पट्ट्या काढल्या, रंधा मारला, आणि साठ-सत्तर वर्षांच्या काजळीखालून तो पिवळसर रंग आणि तेलकट वास आला. मनगट टेकतं ती पुढची कड त्यांनी तीन सूत गोल केली. एका इंचाचे आठ सूत. काकांच्या हातात टेप इंच-मिलिमीटरचा आहे, पण तोंडात सूतच. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला, सूत धरणारा, ते सूत या कामात अजून मोजलं जातं याचा मला फार आनंद झाला.

एवढा ताठ तक्ता झाला तरी मध्ये आधार हवाच होता. शिवाय झोळापेक्षाही मोठी तक्रार कंपनाची असते. वहिनी कीबोर्डवर आकडे मारते तेव्हा माझ्या कागदावरची ओळ हलू नये. म्हणून मधोमध तीन खणांचा, पंधरा इंच रुंद उभा खोका आला. तो दोघींच्या पायांची जागा खातो, पण दोन्ही बाजूंना जवळपास चाळीस-चाळीस इंच उरतात. बाहेरून पंधरा इंच दिसतात ते आतून साडेअकरा भरतात: दोन उभ्या फळ्या, दोन चॅनेलचे अर्धा-अर्धा इंच, खणाच्या स्वतःच्या भिंती. हा हिशेब आधी केला नाही तर फाइल अडकते. वरचा खण वहिनीचा, कुलपाचा, कारण लोकांचे पॅन आणि बँकेचे कागद तिच्याकडे असतात. मधला माझा. खालचा, खोल, दोघींचा.

उंचीवर दोन दिवस गेले. वहिनी पाच फूट सात इंच, मी पाच फूट एक. तीस इंच हे नेहमीचं माप तिला बरोबर, मला खांद्यापर्यंत. एका टेबलाला दोन उंच्या देता येत नाहीत. मधलं काही माप काढावं असं मी सुचवलं, तर काका म्हणाले, ‘‘मग दोघींचीबी पाठ दुखंल.’’ टेबल उंच माणसाच्या मापाने करायचं. बुटक्याने खुर्ची वर घ्यायची आणि पायाखाली काहीतरी घ्यायचं. उलटं केलं तर उंच माणसाला वाकण्यावाचून उपाय नसतो. मी खुर्ची वर घेतली. पायाखाली आजीचा जेवायचा शिसवी पाट आहे.

वायरींसाठी भिंतीकडे दीड इंचाची फट सोडली आहे. तिच्यातून पेन्सिली पडतात.

खोक्यावरचा मधला पंधरा इंचांचा पट्टा कोणाचा, हे आम्ही ठरवलं नव्हतं. ते वर्षाने ठरवलं. मार्चमध्ये आणि जुलैत वहिनीच्या फायली तिथे चढतात. ऑगस्टपासून दिवाळी अंकांची मुद्रितं आली की फायली खाली खणात जातात आणि माझे गठ्ठे वर येतात. मे महिन्यात तिथे फक्त पाण्याचा तांब्या असतो. आत्ता जुलै चालू आहे. वहिनीची चळत माझ्या कोशाला टेकली आहे आणि एका अंकाची पहिली मुद्रितं वेळेआधीच आली आहेत. ती मी मांडीवर घेऊन तपासते आहे.