लिव्हर रायफलला सायलेन्सर बसवताना

शोध : अमेरिकी अभियंता हायरम पर्सी मॅक्सिम यांना सायलेन्सरचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. मशिनगनचे जनक हायरम मॅक्सिम हे त्यांचे वडील.

काम : गोळीमागचा तप्त वायू नळकांड्यातील पडद्यांमध्ये अडतो, पसरतो, थंडावतो. आवाज घटतो, नाहीसा होत नाही.

वेग : ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याहून वेगवान गोळीचा हवेतला कडाका सायलेन्सरला रोखता येत नाही. म्हणून कमी वेगाची काडतुसे वापरतात.

जमेची बाजू : गोळी सुटताना लिव्हर रायफलची ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे तोंड, बंदच राहते. मागून वायू निसटत नाही.

अडचण : अनेक .२२ रायफलींचे मॅगझिन नळीखाली असते आणि काडतुसे भरताना त्याची आतली नळी पुढे ओढावी लागते. जाड सायलेन्सर नेमका तिथेच आडवा येतो.

आटे : सायलेन्सर नळीच्या टोकावरील आट्यांवर बसतो. अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे हे .२२ साठी प्रचलित माप. आटे किंचित तिरके पडले, तरी गोळी पडद्याला धडकू शकते. हे काम जाणकार गनस्मिथकडेच द्यावे.

सफाई : .२२ सारख्या रिमफायर काडतुसांमुळे शिसे आणि काजळी साचते. उघडून साफ करता येणारा सायलेन्सरच निवडावा.

कायदा : अमेरिकेत १९३४ पासून सायलेन्सरची नोंदणी बंधनकारक आहे. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र कायम आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बंदीच आहे.

कान : सायलेन्सर असला, तरी कानांचे संरक्षण सोडू नये. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.