मोत्यांची वेल : उंच टांगा, कोरडी ठेवा

टांगत्या कुंडीतून हिरव्या मण्यांच्या माळा खाली सोडणारी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातली. तिचे मणी म्हणजे पानेच. ती पाणी साठवतात आणि गोल आकारामुळे बाष्पीभवनही कमी होते. म्हणूनच रोज पाणी घातले की मुळे कुजतात. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. वाळूमिश्रित माती, तळाला भोक असलेली कुंडी आणि भरपूर उजेड तिला मानवतो. पावसाळ्यात ती आडोशाला घ्यावी.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. ती अंडी कोरड्या कडांना चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतू नका, घासून काढा.

दुसरी काळजी लहान मुलांची. हे मणी हुबेहूब मटारच्या दाण्यांसारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या, जुलाब होऊ शकतात. चीक लागल्यास त्वचेला खाज येऊ शकते. जागा साबणाने धुवावी. मुलाने मणी खाल्लाच, तर तोंडातले तुकडे काढा, घरी उलटी करवू नका आणि वेलीचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

रांगते मूल किंवा मांजर घरात असेल, तर सर्वांत खालची माळही त्यांच्या आवाक्याबाहेर राहील, इतकी कुंडी उंच टांगा. गळलेले मणी रोज वेचा.