हुद्द्याचे नाव आणि अधिकाराचे वजन

६ जून २०२० रोजी लडाखच्या सीमेवर चुशूल-मोल्डो येथे भारत आणि चीन यांच्या सेनाधिकाऱ्यांची जी बैठक झाली, तिला भारताच्या वतीने लेह येथील चौदाव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग गेले होते, आणि चीनच्या वतीने दक्षिण शिनजियांग सैनिकी विभागाचे प्रमुख मेजर जनरल लिऊ लिन आले होते. आपला अधिकारी एका पायरीने वरचा असताना समोरच्या पक्षाने खालच्या हुद्द्याचा अधिकारी का धाडावा, आणि त्यात काही अवमानाचा हेतू तर नसेल, अशी शंका ही वार्ता वाचणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक होते. परंतु चिनी सेनेत अधिकाऱ्याच्या हुद्द्यापेक्षा त्याच्या पदाच्या श्रेणीला अधिक मान देण्याची परंपरा आहे, आणि ज्या आघाडीविषयी बोलणी व्हावयाची होती त्या आघाडीवरील आपापल्या फौजेची मुखत्यारी त्या दोघांकडे होती. म्हणजे खांद्यावरील चिन्हांत अंतर असले तरी कर्तव्याच्या दृष्टीने ते समोरासमोर बसण्यास योग्य असेच होते. निरनिराळ्या देशांच्या सेनाधिकाऱ्यांचे हुद्दे एकमेकांशी ताडून पाहताना जो विवेक बाळगावा लागतो, त्याचे मर्म या एका प्रसंगात सापडते.

भारतीय सेनेतील सनदी अधिकाऱ्यांचा क्रम लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडिअर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल असा असून, त्यांच्याही वर फील्ड मार्शल हा क्वचितच दिला जाणारा बहुमान आहे. हा क्रम आपण ब्रिटिशांकडून घेतला, आणि पाकिस्ताननेही तोच घेतला. प्रजासत्ताक झाल्यानंतर आपण खांद्यावरील राजमुकुट उतरवून तेथे अशोकस्तंभाचे सिंह आणले, तथापि खालील ताऱ्यांची मांडणी जुनीच राहिली. त्यामुळे लंडन, दिल्ली आणि रावळपिंडी येथील मेजर हा साधारणतः एकाच पायरीवरचा मानण्यास हरकत नाही. ही जुनी ब्रिटिश चौकट ओलांडून आपण बाहेर पडलो, की मात्र नावांवर विसंबून चालत नाही.

सामान्य वाचकाला सर्वांत अधिक गोंधळात टाकणारी गोष्ट ही की, मेजर हा लेफ्टनंटच्या वरचा असताना मेजर जनरल हा लेफ्टनंट जनरलच्या खालचा कसा. याचे उत्तर सतराव्या शतकातील युरोपीय फौजांच्या रचनेत आहे. संपूर्ण सेनेचा अधिपती तो कॅप्टन जनरल, त्याचा प्रतिनिधी आणि बहुधा घोडदळाचा नायक तो लेफ्टनंट जनरल, आणि पायदळाची मांडणी व शिस्त पाहणारा तिसरा अधिकारी तो सार्जंट मेजर जनरल, अशी ती व्यवस्था होती. १६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने जी नवी सेना उभारली, तीत फेअरफॅक्स, क्रॉमवेल आणि स्किपन हे तिघे अनुक्रमे याच तीन जागांवर होते. पुढे तिसऱ्या नावातील ‘सार्जंट’ हे पद गळून पडले आणि मेजर जनरल एवढेच उरले. त्याची जागा मात्र प्रारंभापासून तिसरीच होती, आणि तो क्रम आजतागायत जगभर टिकून आहे.

नावे फसवतात म्हणून तारे मोजावेत, तर तेथेही निश्चिती नाही. आपल्याकडे ब्रिगेडिअरच्या मोटारीवर एक, मेजर जनरलच्या दोन, लेफ्टनंट जनरलच्या तीन आणि जनरलच्या चार ताऱ्यांची पाटी असते, आणि अमेरिकेतही त्या त्या पायरीवर तीच संख्या आढळते. परंतु फ्रान्समध्ये ब्रिगेडच्या जनरलला दोन तारे, डिव्हिजनच्या जनरलला तीन, कोअरच्या जनरलला चार आणि आर्मीच्या जनरलला पाच तारे असतात. तेव्हा पाच तारे पाहून फ्रेंच अधिकाऱ्याला आपल्या फील्ड मार्शलच्या जोडीला बसवणे चूक ठरेल. रशियात मेजर जनरलला एकच तारा आहे, लेफ्टनंट जनरलला दोन आहेत, आणि तीन ताऱ्यांच्या जागी कर्नल जनरल नावाचा असा अधिकारी आहे, ज्याला आपल्या क्रमात प्रतिरूपच नाही. रशियाच्या मालिकेत ब्रिगेडिअरची पायरी मुळातच नाही. चीनच्या मालिकेतही ती नसून तेथे कर्नल आणि मेजर जनरल यांच्यामध्ये ज्येष्ठ कर्नल येतो.

ब्रिगेडिअर ही पायरी तर स्वतंत्र विचाराला पात्र आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटनमध्ये ब्रिगेडिअर जनरल असे. युद्धानंतर तो हुद्दा रद्द झाला आणि १९२८ मध्ये त्याच्या जागी नुसता ब्रिगेडिअर आला, ज्याची गणना जनरलांत होत नाही. अमेरिकेत मात्र ब्रिगेडिअर जनरल हा पूर्ण अर्थाने जनरलच आहे. हिटलरच्या जर्मनीत ही पायरी नव्हती आणि जनरलांची मालिका थेट मेजर जनरलपासून सुरू होई. १९४० साली फ्रान्सवर तुटून पडलेल्या सातव्या पॅन्झर डिव्हिजनचा नायक रोमेल हा त्यावेळी मेजर जनरल होता. पण आपल्या आजच्या मेजर जनरलइतक्याच वरच्या पायरीवर तो होता असे समजणे चुकीचे होईल, कारण त्याचा हुद्दा जनरलांत सर्वांत खालचा, म्हणजे अमेरिकेच्या ब्रिगेडिअर जनरलच्या बरोबरीचा होता. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने आपली नवी सेना उभारताना ब्रिगेड जनरल हा हुद्दा निर्माण केला आणि मित्रराष्ट्रांशी मेळ बसवला. नाटो संघटनेने तर सर्व सदस्यराष्ट्रांच्या अधिकाऱ्यांसाठी एक ते दहा अशा क्रमांकांचे कोष्टकच तयार केले असून, त्यात लेफ्टनंट पहिल्या, मेजर तिसऱ्या, कर्नल पाचव्या आणि जनरल नवव्या श्रेणीत येतो. दहावी श्रेणी फील्ड मार्शल आणि त्याच्या समकक्षांसाठी आहे.

परंतु कोष्टकाने तरी सर्व उलगडते काय? इस्रायलच्या सेनेत सर्वोच्च हुद्दा लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा मानला जातो आणि तो केवळ सेनाप्रमुखाकडे असतो. आपल्याकडे मात्र लेफ्टनंट जनरल अनेक असतात आणि ते कोअर व आर्मी कमांड यांचे आधिपत्य करतात. स्वित्झर्लंडमध्ये शांततेच्या काळी जनरल हा हुद्दाच रिक्त असतो. युद्धाचे संकट आले म्हणजे तेथील संघीय संसद एका अधिकाऱ्याची त्या पदावर निवड करते, आणि ३० ऑगस्ट १९३९ रोजी आँरी गीझाँ यांची अशीच निवड झाली होती. कोष्टकात एका ओळीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खांद्यांवरील भार असा वेगवेगळा असतो. ब्रिटन आणि पाकिस्तान येथे पायदळाच्या बटालियनचे आधिपत्य लेफ्टनंट कर्नलकडे असते. भारतात ते कर्नलकडे असते. अमेरिकेत ब्रिगेडची सूत्रे बहुधा कर्नल सांभाळतो. आपल्याकडे ती ब्रिगेडिअर सांभाळतो. तेव्हा भारतीय कर्नल आणि अमेरिकन कर्नल एका व्यासपीठावर उभे असले, तरी एकाच्या हुकमतीत एक बटालियन आणि दुसऱ्याच्या हुकमतीत अनेक बटालियन असणे सहज संभवते.

अधिकार हा अंतिमतः नेमणुकीतून येतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धात आहे. १ सप्टेंबर १९४४ रोजी माँटगोमेरी फील्ड मार्शल झाले आणि त्याच दिवशी पश्चिम युरोपातील भूसेनांचे प्रत्यक्ष आधिपत्य आयसेनहॉवर यांनी स्वतःकडे घेतले. चार ताऱ्यांचा जनरल फील्ड मार्शलला आज्ञा देत आहे, अशी ती स्थिती डिसेंबरपर्यंत होती. त्या महिन्यात अमेरिकेने पाच ताऱ्यांचा हुद्दा निर्माण करून मार्शल, मॅकआर्थर, आयसेनहॉवर आणि आर्नल्ड यांना तो दिला. फ्रान्समध्ये मार्शलपद हा हुद्दाच नसून राज्याने दिलेला सन्मान आहे. फॉश यांना फ्रान्सबरोबरच ब्रिटन आणि पोलंड यांनीही तो सन्मान दिला. भारताने तो भूसेनेत फक्त दोघांना दिला, १९७३ मध्ये माणेकशॉ यांना आणि १९८६ मध्ये करिअप्पा यांना.

हुद्दे हे विषमतेचे अवशेष आहेत असे मानून ते नाहीसे करण्याचे प्रयोगही झाले, आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. रशियन क्रांतीनंतर १९१७ च्या डिसेंबरात सर्व लष्करी हुद्दे रद्द करण्यात आले आणि अधिकाऱ्यांना केवळ त्यांच्या कामाच्या नावाने, म्हणजे डिव्हिजनचा नायक, कोअरचा नायक अशा रीतीने ओळखले जाऊ लागले. १९३५ साली वैयक्तिक हुद्दे परत आले, १९४० साली जनरल परत आले, आणि १९४३ च्या प्रारंभी, स्टालिनग्राडचा संग्राम चालू असताना, झारच्या राजवटीची खूण मानून टाकून दिलेले खांद्यावरील पट्टेही परत आले. चीनने १९५५ मध्ये हुद्दे दिले, दहा मार्शल नेमले, १९६५ मध्ये समतेच्या नावाखाली ते सारे रद्द केले आणि १९८८ मध्ये पुन्हा सुरू केले. रणांगणावर एका पथकाचा नायक पडला म्हणजे क्षणार्धात दुसऱ्याने सूत्रे घ्यावी लागतात, अपरिचित पथके एकत्र आली म्हणजे कोणाचा हुकूम मानावयाचा हे विचारत बसण्यास अवकाश नसतो. आणि म्हणूनच उत्तरदायित्व कोणाचे, हे अंगावर स्पष्ट दिसणारी खूण कोणत्याही फौजेला फार काळ टाळता येत नाही.

हे तत्त्व आपल्या भूमीला नवे नव्हते. शिवछत्रपतींच्या घोडदळाचा जो तपशील सभासदाने दिला आहे, त्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी उतरंड आहे. येथे हुद्दा म्हणजेच हाताखालील माणसांचा हिशेब होता. मोगलांच्या मनसबदारीत तर ‘जात’ आणि ‘सवार’ असे दोन आकडे वेगळे लिहीत. पहिल्याने मनसबदाराचा दर्जा आणि वेतन कळे, दुसऱ्याने त्याने बाळगावयाचे घोडेस्वार कळत. दर्जा वेगळा आणि प्रत्यक्ष बळ वेगळे, हा भेद त्या दप्तराने कागदावरच मांडून ठेवला होता. नाईक, हवालदार आणि सुभेदार हे शब्द भारतीय सेनेत आजही जिवंत आहेत. यांतील सुभेदार आणि त्याचे नायब सुभेदार व सुभेदार मेजर हे सहकारी राष्ट्रपतींच्या सनदेने नेमले जातात, जवान आणि सनदी अधिकारी यांना जोडणारा दुवा असतात, आणि तरीही सर्वांत तरुण लेफ्टनंटच्याही खाली गणले जातात. पाश्चात्त्य सेनांच्या कोष्टकात त्यांना नेमकी जागा नाही. वॉरंट ऑफिसरशी त्यांची तुलना केली जाते, पण ती त्यांच्या प्रतिष्ठेला पुरेशी पडत नाही.

मग एवढी अनिश्चितता असता ही तुलना करावीच का? कारण तिच्यावर माणसांचे जगणे अवलंबून असते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धाच्या प्रारंभी उभय पक्षांनी आपल्या हुद्द्यांची यादी एकमेकांना कळवावयाची असते, जेणेकरून समान हुद्द्याच्या युद्धकैद्यांना समान वागणूक मिळावी. अधिकाऱ्याला सक्तीने कामास लावता येत नाही. कैद्यांना द्यावयाच्या मासिक आगाऊ वेतनाचे पाच वर्गही त्या करारात ठरलेले आहेत: सार्जंटच्या खालील सैनिकास ८ स्विस फ्रँक, सार्जंट आणि तत्समांस १२, वॉरंट ऑफिसर व मेजरच्या खालील अधिकाऱ्यांस ५०, मेजरपासून कर्नलपर्यंत ६० आणि जनरलांस ७५. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनांतही अनेक देशांची पथके एका आज्ञेखाली वागवावी लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीत घडलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ साली युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले, तेव्हा नाना देशांचे अधिकारी त्यांच्या हाताखाली होते. त्यांच्यातील ज्येष्ठकनिष्ठभाव आधी ठरलेला नसता, तर हुकमाची साखळी पहिल्याच संकटात तुटली असती.

म्हणून परदेशी सेनाधिकाऱ्याचे नाव वाचनात आले, तर वाचकाने त्याच्या पदवीवर किंवा ताऱ्यांच्या संख्येवर थांबू नये. त्याच्या हुकमतीत किती माणसे आहेत, कोणता प्रदेश त्याच्या स्वाधीन आहे, आणि जय वा पराजय झाल्यास त्याला कोणापुढे जाब द्यावा लागतो, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या दोहोंच्या उत्तरांतून त्याच्या अधिकाराचे वजन कळेल. तिसऱ्याच्या उत्तरातून त्या अधिकारावर त्याच्या राष्ट्राने कोणते बंधन घातले आहे हेही कळेल, आणि नागरिकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे तेच आहे.